तालमीशिवाय सोंगाड्या

इंग्लंडमध्ये ‘कॅरी ऑन’ नावाची विनोदी चित्रपटांची एक मालिका होती. १९५८ साली ‘कॅरी ऑन सार्जंट’ आला आणि पुढच्या वीस वर्षांत पाइनवूड स्टुडिओतून असे तीस चित्रपट बाहेर पडले. निर्माता एकच, पीटर रॉजर्स. दिग्दर्शकही एकच, जेराल्ड थॉमस. पैसा बेताचा, चित्रीकरण काही आठवड्यांत उरकायचं आणि कलाकार बहुतेक तेच ते. सैन्यातली सक्तीची भरती, सरकारी इस्पितळ, शाळा, पोलीस चौकी अशा सामान्य माणसाच्या वाट्याला येणाऱ्या जागा घ्यायच्या, तिथल्या साहेबाची फजिती करायची आणि बोलण्यात दुसरा अर्थ ठेवायचा, ही त्यांची रीत. समीक्षकांनी नाकं मुरडली, प्रेक्षकांनी रांगा लावल्या. १९५९ साली ब्रिटनमध्ये सर्वाधिक चाललेला चित्रपट ‘कॅरी ऑन नर्स’ होता.

१९७८ नंतर मालिका थांबली. १९९२ मध्ये कोलंबसावर एक चित्रपट काढून ती उठवायचा प्रयत्न झाला, तो पडला. २००३ मध्ये ‘कॅरी ऑन लंडन’ची घोषणा झाली. नटांची नावं जाहीर झाली, बदलली, तारखा पुढे गेल्या. २००९ मध्ये पीटर रॉजर्स पंचाण्णव वर्षांचे होऊन वारले आणि त्या चित्रपटाची एक रीळही तयार झालेली नव्हती. त्यानंतरही नव्या मालिकेच्या बातम्या आल्या, पण पडद्यावर काही आलं नाही. नाव सर्वांना ठाऊक, जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर अजून लोक पाहतात, म्हणजे बाजार आहे. तरी नवा चित्रपट उभा राहत नाही.

ही परदेशातली गोष्ट मी सांगतोय, कारण तिच्यातला प्रश्न आपल्या दारात उभा आहे. मराठीत त्या मालिकेला जवळचं असं एकच नाव आहे, दादा कोंडके. ‘सोंगाड्या’पासून सुरू झालेल्या त्यांच्या चित्रपटांतले नऊ चित्रपट सलग पंचवीस आठवडे चालले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. १९९८ च्या मार्चमध्ये दादा गेले. तेव्हापासून कुणीतरी अधूनमधून म्हणतं की आता पुन्हा एक ‘पांडू हवालदार’ हवा, पुन्हा एक ‘राम राम गंगाराम’ हवा. प्रयत्नही झाले. परंपरा मात्र पुढे सरकली नाही. का सरकली नाही, याचं उत्तर आपण चुकीच्या जागी शोधतो असं माझं ठाम मत आहे.

नेहमीचं पहिलं उत्तर असतं की दादांसारखा नट पुन्हा होणे नाही. दुसरं उत्तर असतं की काळ बदलला, तसला द्व्यर्थी विनोद आता चालत नाही. दोन्ही उत्तरांत थोडं तथ्य आहे, पण दोन्ही आपल्याला काहीच न करण्याची मुभा देतात, म्हणून ती मला पुरेशी वाटत नाहीत.

दादा पडद्यावर येण्याआधी काय झालं होतं ते पाहू. नायगावच्या चाळीत, गिरणीवर पोट असलेल्या घरात वाढलेला हा मुलगा. आधी बँडपथक, मग राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, मध्ये अपना बाजारातली नोकरी. १९६५ मध्ये वसंत सबनीसांनी लिहिलेलं ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आलं आणि त्यातला हवालदार दादांनी शेकडो प्रयोगांत केला. राजाचा छपरी पलंग, वशिल्यानं मिळालेली कोतवाली, डावलला गेलेला हवालदार आणि मैनावती, एवढ्या सामग्रीवर उभा राहिलेला तो वग. रोज रात्री समोर प्रेक्षक. कुठल्या वाक्याला मागच्या रांगेत हशा येतो, कुठे बाया तोंडाला पदर लावतात, कुठे नेमकं थांबायचं, हे सारं त्या शेकडो रात्रींत ठरत गेलं. आशा भोसल्यांनी त्यांचं काम पाहून भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला, भालजींनी ‘तांबडी माती’त भूमिका दिली आणि १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ आला. त्याचंही लेखन सबनीसांचंच. पांडू हवालदार १९७५ चा. पडद्यावरच्या त्या हवालदाराच्या मागे रंगमंचावरच्या हवालदाराची दहा वर्षं होती.

कॅरी ऑनच्या मागेही हेच सापडतं. वीस पटकथा लिहिणारा टॅलबट रॉथवेल दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता. त्या छावणीत कैद्यांसाठी बसवलेल्या करमणुकीच्या कार्यक्रमांतून त्याला लिहिण्याची वाट सापडली आणि तिथेच त्याला भेटलेला पीटर बटरवर्थ पुढे या मालिकेचा कायमचा नट झाला. बाकीच्यांतले बरेच जण संगीतिका, रेडिओ आणि हंगामी रंगमंचावरून आलेले. सिड जेम्स तर १९७६ मध्ये संडरलंडच्या रंगमंचावर प्रयोग चालू असताना कोसळला आणि गेला. रॉजर्स आणि थॉमस यांनी नट निवडून मालिका घडवली नाही. एकमेकांची वेळ, श्वास आणि खोडी ओळखणारी माणसं आयती मिळाली, त्यांना त्यांनी एकत्र ठेवलं. ती माणसं गेली, ज्या रंगमंचांनी त्यांना घडवलं ते रंगमंच बंद झाले, आणि २००३ मध्ये निर्मात्याच्या हातात फक्त शीर्षक उरलं. त्या शीर्षकाखाली उभं करायला प्रसिद्ध चेहरे मिळत होते, पण तो जथा नव्हता.

आपल्याकडच्या प्रयत्नांनाही हीच कसोटी लावून पाहा. दादा गेल्यानंतर दोन वर्षांनी, २००० मध्ये, ‘एकटा जीव सदाशिव’वरून ‘जिस देश में गंगा रहता है’ हा हिंदी चित्रपट आला. दिग्दर्शक महेश मांजरेकर, नायक गोविंदा. गोविंदासारखा उपजत विनोदी नट त्या काळात दुसरा नव्हता. तरीही त्या चित्रपटातून काही परंपरा सुरू झाली नाही. २०२१ मध्ये विजू माने यांचा ‘पांडू’ आला. भाऊ कदम आणि कुशल बद्रिके ही जोडी दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षं एकत्र काम करून पक्की झालेली, म्हणजे जथ्याची अट निम्मी पूर्ण होत होती. त्यांची वेळ साधण्याची ताकद त्या चित्रपटात दिसतेही. पण डोक्यावर जुन्या शीर्षकाचं ओझं होतं. प्रेक्षक प्रत्येक प्रसंगात दादांना शोधत होता आणि नटांना आदरांजली वाहायची होती. आदरांजली वाहताना माणूस जपून पावलं टाकतो. सोंगाड्याला जपून पावलं टाकून चालत नाही.

याच्या उलट उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ पासून चालू आहे. त्यातले नट, लेखक आणि दिग्दर्शक आठवड्याला नवं प्रहसन बसवतात. मला त्यातलं सगळं आवडतं असं नाही, घाईत लिहिलेलं पुष्कळ असतं. पण सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांनी तिथे जे जमवलं तो जथाच आहे. २०२५ च्या महाराष्ट्रदिनी त्याच मंडळींचा ‘गुलकंद’ प्रदर्शित झाला आणि लोकांनी तो पाहिला. त्याला कुणा जुन्या नावाचा आधार नव्हता. कॅरी ऑनच्या पद्धतीला मराठीत गेल्या काही वर्षांत सर्वांत जवळ गेलेला प्रयत्न मला हाच वाटतो, आणि तो पुनरुज्जीवन म्हणून जाहीरच झाला नव्हता.

रंगभूमीकडे पाहिलं तर हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. ‘विच्छा माझी पुरी करा’ दादांबरोबर संपलं नाही. विजय कदमांनी ते पुन्हा उभं केलं आणि साडेसातशेच्या वर प्रयोग केले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते गेले तोवर ‘विच्छा’ म्हटलं की नव्या पिढीला दादांआधी त्यांचा चेहरा आठवत होता. हरिभाऊ वडगावकरांचं ‘गाढवाचं लग्न’ दादू इंदुरीकरांनी गाजवलं, नंतर प्रकाश इनामदारांनी केलं, २००७ मध्ये मकरंद अनासपुरेंनी ते पडद्यावर आणलं. वग हातातून हातात जातो. कारण वगाचं कथानक ठरलेलं असतं आणि बाकीचं मोकळं असतं. गण होतो, गवळण होते, मग बतावणीत त्या दिवशीचं वर्तमानपत्र येतं, त्या गावचा सरपंच येतो, काल झालेली निवडणूक येते. सोंगाड्या जे बोलतो त्यातलं निम्मं संहितेत नसतं. म्हणून विजय कदमांना दादांची नक्कल करावी लागली नाही. त्यांना त्यांच्या दिवसावर बोलायची मुभा त्या प्रकारानंच दिली होती. चित्रपटाला ही मुभा नसते. तो एकदा छापला की छापला. त्यामुळे चित्रपट पुन्हा करायला निघालेला माणूस नकळत छापील गोष्टीची प्रत काढतो.

आता बोईसरकडे येतो. हा लेख मी इथून लिहितो आहे आणि माझ्या म्हणण्याची परीक्षा इथेच व्हायला हवी.

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. दोन वर्षांनी ‘सोंगाड्या’ आला. पाठोपाठ बोईसरला औद्योगिक वसाहत वाढत गेली. दादांच्या यशाची वर्षं आणि बोईसर गावाचं शहर होण्याची वर्षं एकच आहेत. घाटावरून, खानदेशातून, तळकोकणातून माणसं कारखान्यांत आली. स्थानिक माणूस घरी वाडवळी बोलायचा, किनाऱ्यावर मांगेली, पाड्यांवर वारली. या सगळ्यांना एका जागी बसून हसवेल अशी मराठी पुस्तकात नव्हती. दादांच्या तोंडी होती. ‘सोंगाड्या’तला नाम्या आपल्या आईला ‘आये’ म्हणतो तेव्हा ते साताऱ्याचं की सांगलीचं हे कुणी विचारलं नाही. त्या चित्रपटांतला नायक गावातून आलेला, भाबडा, साहेबापुढे गोंधळणारा, पण शेवटी साहेबाचंच पितळ उघडं पाडणारा. पहिल्यांदा पंच कार्ड हातात घेतलेल्या कामगाराला तो आपला वाटला यात नवल काय?

चित्रपट लागण्यासाठीही तेव्हा झगडावं लागलं होतं. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात ‘सोंगाड्या’ला जागा मिळण्यासाठी शिवसेनेला रस्त्यावर उतरावं लागलं, कारण तिथे हिंदी चित्रपट लावायचा होता. मराठी विनोदाला पडदा कुणी आपण होऊन दिलेला नाही, हे विसरू नये.

आज त्याच बोईसरमध्ये पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर ऐकू येणाऱ्या भाषा मोजा. भोजपुरी, उडिया, अवधी, बुंदेली आणि त्या सर्वांवर पसरलेली कारखान्याची हिंदी. मराठी कामगारांतही कायम नोकरीवाला थोडा, ठेकेदाराचा माणूस जास्त. द्व्यर्थी विनोदाची पहिली अट अशी की ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ ठाऊक हवेत. एकाला एकच अर्थ कळला तर तो विनोद त्याच्यापुरता साधं वाक्य होतो, किंवा निव्वळ शिवी होतो. दादांनी स्वतः हा अनुभव घेतला. १९८४ पासून त्यांनी हिंदी चित्रपट काढले, ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ त्यातलाच. शीर्षकातली गंमत पोचली, पैसेही मिळाले असतील, पण गावची आये, पाटील, तमासगिरीण, ढोलकी हे सगळं मागे राहिलं आणि उघडाबोडका दुसरा अर्थ तेवढा पुढे आला. माझ्या मते ते चित्रपट त्यांच्या मराठी चित्रपटांच्या जवळपासही पोचत नाहीत. १९७८ च्या शेवटच्या खऱ्या कॅरी ऑन चित्रपटाचंही तसंच झालं. फ्रान्समधून आलेल्या उघड शृंगारपटाची खिल्ली उडवायला तो गेला. सगळंच दाखवायची सोय झाल्यावर सुचवण्याला किंमत उरली नव्हती, हे त्या मंडळींना तेव्हा उमगलं नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात सगळं काही दाखवणारा फोन आहे. म्हणून चावट वाक्यं गोळा करून दादांचं पुनरुज्जीवन होईल असं ज्यांना वाटतं, त्यांना माझा विरोध आहे. दादांचं बळ चावटपणात होतं असं मानणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. ‘सोंगाड्या’ आठवून पाहा. तमाशा पाहायला गेलेला भाबडा पोरगा, त्याला घराबाहेर काढणारी आई, आणि ज्या फडाला गाव हलकं समजतं तिथे त्याला मिळालेलं माणूसपण. गावाची प्रतिष्ठा आणि तमासगिरिणीची प्रतिष्ठा समोरासमोर ठेवलेली ती गोष्ट आहे. सेन्सॉरशी दादांचे वाद झाले ते शब्दांवरून. पण लोक पंचवीस आठवडे पाहत राहिले ते त्या माणसांसाठी.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. त्या चित्रपटांत बाईचं शरीर अनेकदा विनोदाचा विषय होतं. उषा चव्हाण यांनी उभ्या केलेल्या बाया ठसकेबाज होत्या, नायकाला चार शब्द सुनावणाऱ्या होत्या, हे मान्य केलं तरी कॅमेऱ्याची नजर पुष्कळदा पुरुषाचीच होती. उत्तरोत्तर ती अधिक उथळ होत गेली. हे झाकून ठेवून परंपरा पुढे नेता येणार नाही. मी तर म्हणेन की नव्या वगात मैनावतीनं लेखणी हातात घ्यावी. द्व्यर्थी बोलणं ही काही पुरुषांची मिरास नाही. आपल्या जात्यावरच्या, लग्नातल्या, डोहाळजेवणातल्या गाण्यांत बायांनी व्याह्यांची आणि नवरदेवाची जी रेवडी उडवली आहे तिच्यापुढे चित्रपटांतली वाक्यं फिकी पडतील. कारखान्याच्या पॅकिंग विभागात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका सुपरवायझरबद्दल आपसात जे बोलतात ते रंगमंचावर आलं तर विनोदाची नजरच पालटेल.

दुसरी गोष्ट तमाशाच्या ऋणाची. सोंगाड्या, ढोलकी, गवळण, सवालजवाब हे धन महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलं. विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावतीला उतारवयात हलाखी सोसावी लागली. शहरी लोकनाट्यानं आणि चित्रपटानं ते धन उचललं, त्यावर सन्मान मिळवला, तिकिटं विकली. फड मात्र कर्जात राहिले. आजही दसऱ्याला हंगाम सुरू होतो, नारायणगावात राहुट्या पडतात, यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. रघुवीर खेडकरांसारखे फडमालक तो भार वाहत आहेत. पुनरुज्जीवनाची भाषा करणाऱ्यानं आधी या फडांच्या हंगामाकडे पाहावं. मूळ झाड तिथे आहे, अजून जिवंत आहे.

मग बोईसर-पालघरात काय करता येईल? तमाशा या भूमीचा नव्हे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. इथला वारसा वेगळा. जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. रात्रभर संबळाच्या तालावर गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण असे मुखवटे नाचत येतात आणि शेवटी जगदंबा महिषासुराचा वध करते. डहाणू-विक्रमगडात तारपा वाजतो. पण सोंग घेणं, सोंगातून खरं बोलणं आणि सगळ्या गावानं ते रात्रभर जागून पाहणं ही सवय इथल्या मातीत तितकीच जुनी आहे. वगाचं कथानक आणि बोहाड्याचा मुखवटा एकत्र आले तर काय होईल, हा मला गंभीरपणे विचारण्याजोगा प्रश्न वाटतो.

विषयांची तर इथे रास आहे. ‘विच्छा’तला वशिल्याचा कोतवाल आज ठेकेदाराच्या कार्यालयात बसतो. वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये झाली. बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला होणार आहे. पोफरण आणि अक्करपट्टीची माणसं अणुवीज केंद्राच्या विस्तारापायी आपली गावं सोडून गेली, त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालल्या. मोजणी, मोबदला, दलाल, कागदावर एक नाव आणि जमिनीवर दुसरं, रात्री सुटणारा कारखान्याचा वास आणि सकाळी ‘सर्व ठीक’ म्हणणारा अहवाल. यातल्या प्रत्येक गोष्टीवर इथला माणूस आज चहाच्या टपरीवर बोलतो, हसतो, चिडतो. ते बोलणं रंगमंचावर येत नाही. परभाषिक कामगाराची हिंदीही त्या बतावणीत येऊ द्यावी. पांडू हवालदाराला मुंबईत सगळ्या भाषांशी झुंजावं लागलं होतंच. तारापूरच्या हवालदाराला तेच करावं लागेल आणि दोन भाषांतल्या गैरसमजातून नवा दुसरा अर्थ जन्माला येईल, जो तिन्ही पाळ्यांना समजेल.

अडचण प्रतिभेची नाही. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात पालघर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांची मुलं प्रहसनं करतात, नकला करतात. पालघरच्या दांडेकर महाविद्यालयातल्या मुलांना विचारा, त्यांच्यात दोनचार सोंगाडे सहज सापडतील. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ दरवर्षी कामगारांची नाट्यस्पर्धा घेतं. अडचण वेळेची आणि जागेची आहे. नायगाव-लालबागच्या गिरणगावात आठ तासांची पाळी संपली की तालीम व्हायची. व्यायामशाळेत, चाळीच्या गच्चीवर, मंडळाच्या खोलीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्याबरोबर ती तालीमही गेली. बोईसरच्या ठेक्यावरच्या मुलाला बारा तासांची पाळी करून डहाणू लोकलमध्ये उभं राहून घरी जायचं असतं. २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली ही मोठी सोय झाली, पण त्या गाडीत त्याचा उरलेला वेळ जातो. दमलेला माणूस विनोद पाहू शकतो, तालीम करू शकत नाही. मराठी विनोदी चित्रपटांच्या भवितव्यावर परिसंवाद होतात, त्यांत कामाच्या तासांचा उल्लेख मी कधी ऐकलेला नाही. माझ्या दृष्टीनं तो पहिला मुद्दा आहे.

आणखी एक मुद्दा जुन्या चित्रपटांचा. नव्यांनी शिकायचं तर जुनं नीट पाहायला मिळालं पाहिजे. दादांचे चित्रपट आज पुष्कळदा कापलेल्या तुकड्यांच्या रूपात, धुरकट चित्रात, एखाद्या चावट वाक्यापुरते फिरतात. संपूर्ण चित्रपट स्वच्छ प्रतीत, मागेपुढे संदर्भासह पाहणारा तरुण विरळा. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून काम करतं आहे. केंद्राची चित्रवारसा मोहीम आहे. दादांच्या मराठी चित्रपटांच्या प्रती दुरुस्त करून लोकांपुढे आणणं हे काम त्यांनी आणि हक्कधारकांनी मिळून करावं. आपल्या कायद्यानं चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. त्या हिशेबानं ‘सोंगाड्या’ २०३२ च्या जानेवारीत सर्वांचा होईल. दादांचा जन्म १९३२ चा, म्हणजे तेच त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. तेव्हा त्या शीर्षकावर हात टाकायला निर्माते धावतील, याबद्दल मला शंका नाही. तोपर्यंत माणसं तयार नसली तर आपल्यालाही ‘कॅरी ऑन लंडन’सारखी एक घोषणा मिळेल आणि चित्रपट मिळणार नाही.

म्हणून माझी मागणी निर्मात्यांकडे नाही, कारखान्यांकडे आहे. कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचं संवर्धन स्पष्ट लिहिलेलं आहे. तारापूर वसाहतीतल्या कंपन्या या निधीतून शाळांना बाकं देतात, झाडं लावतात, ते चांगलंच आहे. त्यातल्या चारदोन कंपन्यांनी मिळून बोईसरमध्ये तालमीसाठी एक कायमची खोली घ्यावी, एक ढोलकीवाला आणि एक जाणता वगकार वर्षभर मानधनावर ठेवावा, नारायणगावच्या एखाद्या फडाला पावसाळ्यात, हंगाम नसताना, शिकवायला बोलवावं. तालमीला येणाऱ्या कामगाराला आठवड्यातून दोन दिवस पाळी सुटल्यावर ओव्हरटाइमला थांबवू नये. माघी गणपतीत, महालक्ष्मीच्या यात्रेत, चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर प्रयोग व्हावेत, आणि जे वाक्य लोकांना हसवत नाही ते दुसऱ्या दिवशी काढून टाकलं जावं. यात जो खर्च आहे तो एका मध्यम कारखान्याच्या वर्धापनदिनाच्या मांडवापेक्षा फार जास्त होणार नाही. कामगार कल्याण केंद्रांनी आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी हा विषय कंपन्यांपुढे लेखी मांडावा. ज्या वाचकाच्या कंपनीत असा निधी आहे त्यानं यंदाच्या बैठकीत तो मांडावा.